निसर्गाशी जोडलेली इमारत: या चुका टाळा

नकाशा मंजूर होतो, स्लॅब टाकून होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता थोडी हिरवळ आणू या." बहुतेक बिघाडांचं मूळ इथेच असतं. ऊन कुठून येणार, वारा कुठून शिरणार आणि बसल्या जागेवरून काय दिसणार, हे नकाशा कागदावर असतानाच ठरतं. कुंड्या नंतरही आणता येतात, खिडकी मात्र सहजासहजी हलवता येत नाही.

कुंड्यांवर हवा शुद्ध करण्याचं काम सोपवणं

झाडं घरातली हवा शुद्ध करतात, हा समज 1989 साली प्रसिद्ध झालेल्या नासाच्या प्रयोगांमुळे पसरला. ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. खोलीत हवा सतत बदलत असते. 2019 साली जुन्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. नेहमीच्या वायुविजनाइतका परिणाम हवा असेल, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा हिशेब त्यातून निघाला. खोलीत कोंदट वाटत असेल तर आणखी कुंड्या आणू नका. समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंतींत उघडणाऱ्या खिडक्या आहेत का, ते आधी बघा. झाडं डोळ्यांना आणि मनाला सुख देतात, त्यासाठी ती जरूर ठेवा.

खिडकी आहे, पण दिसत काहीच नाही

मला ही चूक सगळ्यात जास्त खुपते. रॉजर उलरिच या संशोधकांनी 1984 साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा होता, फक्त 46 रुग्णांचा, पण त्यातली दिशा महत्त्वाची आहे.

तरीही आपण खिडकीची उंची ठरवतो ती उभ्या माणसाच्या हिशेबाने. सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद काढा, खाटेवर निजलेल्या किंवा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून बाहेर रेघ ओढा. रेघ खिडकीखालच्या भिंतीला अडली, तर बाहेरची बाग त्या माणसासाठी नसल्यातच जमा. भिंतीचा तेवढा भाग खाली घ्या किंवा खाटेची जागा बदला.

जास्त काच म्हणजे जास्त निसर्ग, असं समजणं

दिवसभर पडदे ओढलेले आणि आत दिवे चालू दिसले, की समजावं काच चुकली आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, साधारण त्याच्या दीड ते दोन पट खोलवर उपयोगी उजेड पोचतो. म्हणून रुंदी वाढवण्यापेक्षा वरची कड उंच नेणं फायद्याचं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, आडवा छज्जा ते अडवू शकत नाही. तिथे उभ्या फळ्या किंवा बाहेर झाडं हवीत. मोठ्या काचेत आकाशाचं प्रतिबिंब दिसून पक्षी आदळतात. त्यासाठी काचेच्या बाहेरच्या बाजूला एकमेकांपासून सुमारे 5 सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा रेघा काढाव्यात. एखाददुसरं स्टिकर पुरत नाही.

गच्चीवरच्या बागेचं वजन आणि गळती

पाणी प्यायलेल्या मातीचा 10 सेंटिमीटर थर दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जाऊ शकतो. जुन्या स्लॅबवर बाग करायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. माती टाकण्यापूर्वी गच्चीवर पाणी साठवून गळतीची चाचणी घ्या. नंतर गळती झाली, तर थेंब पडतो तिथेच भोक असेल असं धरू नका, पाणी स्लॅबवरून बरंच सरकून खाली उतरतं. आधी पाणी जाण्याचं तोंड पानांनी तुंबलंय का ते पाहा.

देखभाल कुणाच्याच नावावर नसणं

हिरव्या भिंतीचा, म्हणजे भिंतीवर उभ्या लावलेल्या बागेचा, वरचा भाग वाळला आणि खालचा सडला, तर पाणी समान पोचत नाही. ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) आणि पाण्याचा दाब तपासा. पंप बंद पडला की अशी भिंत फार दिवस तग धरत नाही. जमिनीत लावलेली, जाळीवर चढवलेली वेल पुष्कळदा तेच काम कमी पाण्यात करते.

चीनमधल्या चेंगदू शहरात 2018 साली बाल्कन्यांत झाडं लावलेले आठ टॉवर उभे राहिले. 2020 पर्यंत तिथे मोजकीच कुटुंबं राहायला आली होती. झाडं बेसुमार वाढली आणि डासांचा त्रास झाल्याच्या बातम्या आल्या. उलट इटलीतल्या मिलानच्या बोस्को व्हर्टिकाले या अशाच झाडं लावलेल्या टॉवरमध्ये दोरीने लटकून छाटणी करणारे प्रशिक्षित माळी येतात आणि देखभाल रहिवाशांवर न सोपवता एकत्र केली जाते. म्हणून नकाशातच प्रत्येक वाफ्यापर्यंत पोचायची वाट, जवळचा नळ आणि छाटलेला पाला उतरवायची सोय दाखवा, आणि माळ्याचा वार्षिक खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकासोबतच मालकापुढे ठेवा.