जुना टू-स्ट्रोक ग्रासकटर भंगारात घालण्याआधी कार्बोरेटर उघडा

पाऊस ओसरायला लागला की कोकणातल्या कलमांच्या बागांत गवत कमरेला लागतं. बेणणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. मग गेल्या दिवाळीपासून पडवीत टांगलेला ग्रासकटर खाली येतो. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मशीन दाद देत नाही. दुकानात नेलं की ऐकायला मिळतं, "यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या."

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. इंजिन ठणठणीत असतं. निकामी झालेला असतो तो कार्बोरेटरमधला इवलासा रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. त्याचं किट काही शे रुपयांत येतं आणि बदलायला एक दुपार पुरते. खाली लिहिलंय ते पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणाऱ्या, खांद्याला किंवा पाठीला लावायच्या ४३ आणि ५२ सीसीच्या मशीनसाठी. फोर-स्ट्रोकला यातलं बरंच काही लागू नाही.

आधी पिस्टन बघा

खर्च करण्याजोगं मशीन आहे की नाही, हे सायलेन्सर काढल्याशिवाय कळत नाही. प्लगची टोपी काढा, सायलेन्सरचे बोल्ट खोला, भोकात बॅटरीचा उजेड मारा आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टनची बाजू बघा. ती गुळगुळीत असेल तर पुढे जा. उभे ओरखडे दिसले, तर मशीन कधीतरी ऑईलविना तापून धरलेलं आहे. तेव्हा सिलिंडर-पिस्टनचा सेटच लागतो. तो आणताना स्टिकरवरच्या सीसीवर विसंबू नका, पिस्टन मोजून घ्या: ४३ सीसीला सहसा ४० मिलिमीटर, ५२ सीसीला ४४.

सायलेन्सर उघडलाच आहे तर पिस्टन वर आणून भोक झाका आणि तिथला कार्बन बांबूच्या कामटीने खरवडा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, पिस्टनला चरे पडतात. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती वेगळी काढून गॅसवर लाल करा आणि तारेच्या ब्रशने झाडा. जाळी तुंबली असेल तर मशीन चालू होतं, पण पाती गवतात शिरताच दम टाकतं.

ठिणगी नसेल तर नवा प्लग लावा, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. तरीही नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढंच अंतर ठेवा.

टाकीतल्या नळ्या वाकवून बघा. कडक झालेली किंवा चिरलेली नळी बदला, टाकीतला फिल्टरही बदला. नळी पेट्रोलचीच आणा. सलाइनची किंवा माशांच्या टाकीची नळी कापून जोडलेली मी पुष्कळ मशीनवर बघितली आहे. पेट्रोलमध्ये ती कडक होऊन आकसते आणि सांध्यातून हवा ओढू लागते.

कार्बोरेटर

या टप्प्याने मला सगळ्यात जास्त दमवलं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

ग्रासकटर उताराच्या बागेत तिरका, आडवा, कसाही धरला जातो. मोटरसायकलसारखा फ्लोट इथे चालत नाही, म्हणून त्याचं काम दोन पडदे करतात. एक इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या हिसक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा इंजिनाच्या ओढीने आत खेचला जातो, एक छोटी लिव्हर दाबतो, लिव्हर सुई उचलते आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत येतं. हा दुसरा पडदा कडक झाला की लिव्हर पुरेशी दबत नाही. मग मशीन चोक लावून चालू होतं आणि चोक काढला की बंद पडतं, किंवा हळू चालतं आणि रेस दिली की गळपटतं. यातलं एक जरी लक्षण असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका.

कार्बोरेटर पांढऱ्या ताटात ठेवून उघडा, कारण लिव्हरखालची स्प्रिंग उडाली की शेणाने सारवलेल्या खळ्यात ती सापडत नाही. प्रत्येक झाकण काढल्यावर मोबाईलवर फोटो घ्या. पुष्कळ मशीनवर लिव्हरवरचा पडदा, चालू करण्याआधी दाबतो त्या रबरी फुग्याच्या पट्टीखालीच असतो. तो बोटात धरून हलवा. चांगला पडदा मऊ पडतो, आवाज करत नाही. म्हातारा झालेला कुरकुरतो आणि दुमडलेला तसाच राहतो. अशा पडद्यावर क्लीनर मारून तो परत बसवणं म्हणजे वेळेचा नाश आहे. शिवाय क्लीनर रबराला खातो. धातूची बॉडी धुताना सगळं रबर आधी बाजूला काढा आणि बारीक भोकांत तार घालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिव्हरच्या बाजूला आधी पॅकिंग, मग पडदा, मग झाकण. पडद्याच्या मधली धातूची टिकली लिव्हरकडे. हा क्रम उलटला तर पडदा लिव्हरवर दाबून बसतो आणि मशीन ओव्हरफ्लो करत राहतं. पंपाच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पडद्याच्या, बाजूचा क्रम मात्र सगळ्या कार्बोरेटरना सारखा नसतो. तिथे फक्त तुमचा फोटो खरा. आमच्याकडे येणाऱ्या, "किट टाकलं तरी चालत नाही" अशा मशीनमध्ये बहुधा हा क्रमच चुकलेला असतो आणि दोष किटला दिला जातो.

लिव्हरची उंची दुसरी अडचण. जुनी लिव्हर काढण्याआधी बॉडीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून लिव्हरचं टोक किती खाली आहे ते बघून ठेवा. नवी तितकीच बसली पाहिजे. टोक वर राहिलं तर मशीन ओलं होतं, खाली गेलं तर भुकेलेलं राहतं. "जरा वर वाकवा, पॉवर वाढेल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

जोडण्याआधी एक परीक्षा घ्या. पंपाची बाजू पूर्ण बंद करा, लिव्हरची बाजू उघडी ठेवा. सुई काढलेली मोठी सिरिंज छोट्या नळीने पेट्रोलच्या तोटीला जोडा आणि हलकेच दाबा. दट्ट्या अडला पाहिजे. आता काडीने लिव्हर दाबा, हवा फुस्सकन सुटली पाहिजे. लिव्हर न दाबताच हवा जात असेल तर सुईच्या टोकाला झिजेचं कडं पडलेलं असतं किंवा बैठकीत कचरा असतो. ते नीट होईपर्यंत कार्बोरेटर मशीनवर चढवू नका.

राहिले स्क्रू. एल आणि एच हे दोन स्क्रू असतील तर दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करून एक ते दीड फेरा उघडा. आवळून बंद केले तर बैठक कायमची बिघडते. मशीन तापलं की एलने हळू चाल जुळवा. एचच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: फुल रेसला, भार नसताना, आवाज थोडा जाडसर, फुरफुरता हवा. गवतात शिरल्यावर तो साफ होतो. एच आवळत नेला की आवाज बारीक, धारदार होतो, मशीनला जोर आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पेट्रोल कमी झालेलं असतं आणि पेट्रोलबरोबर ऑईलही. पिस्टनवरचे उभे ओरखडे इथेच जन्माला येतात. ही जुळवणी पाती किंवा दोरीचं हेड लावूनच करा. रिकाम्या दांड्यावर फुल रेस देऊ नका.

रेस सोडल्यावरही आवाज खाली येत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. आधी कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला काळा ठोकळा, त्याची पॅकिंग आणि बोल्ट बघा. तिथे सगळं ठीक असेल तर क्रॅंकचे ऑईल सील गेलेत. ते काम अवजारं असलेल्या मेकॅनिकलाच द्या, आणि तोवर मशीन चालवू नका.

पेट्रोल आणि ऑईल

मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. मापाच्या बाटलीने मोजा. "टोपणभर" हे माप नव्हे. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी ऑईल घ्या. मोटरसायकलचं उरलेलं इंजिन ऑईल कदापि नाही. मिश्रण कॅनमध्ये करून हलवा, मग टाकीत ओता.

२०२५पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणच्या दमट हवेत हे भराभर होतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, ऑईल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो, म्हणजे इंजिनाला ऑईल नसलेलं पाणचट पाजलं जातं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करा. गेल्या हंगामातलं उरलेलं, कितीही महाग पडलेलं असलं तरी, मशीनमध्ये घालू नका.

पात्याकडच्या गिअरबॉक्सचा बाजूचा स्क्रू काढून लिथियम ग्रीस भरा. पातं काढताना लक्षात ठेवा, नट उलट्या आट्यांचा असतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. त्यावर पान्याने जोर करत बसलेल्यांच्या हाताला पातं लागलेलं मी बघितलं आहे. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढलेली असलीच पाहिजे.

बेणणी संपली की टाकी पूर्ण रिकामी करा, फुगा दाबून नळ्यांतलं पेट्रोल टाकीत परत आणा आणि तेही ओतून टाका. मग मशीन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी ऑईल सोडा, दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग बसवा आणि मशीन टांगा.