पॉटी ट्रेनिंग अडलंय? ‘मूल हट्टी आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पॉटीवर पंधरा मिनिटं बसवलं, तर काहीच केलं नाही. उठवून चड्डी घातली आणि दोन मिनिटांत सोफ्यामागे जाऊन सगळं उरकलं. ट्रेनिंग सुरू केलेल्या बहुतेक घरांत हे घडतं आणि बहुतेक घरांत निष्कर्षही एकच निघतो: ‘मुद्दाम करतोय.’

दोन-अडीच वर्षांचं मूल हे मुद्दाम करत नाही. शी-शू व्हायला खालचे स्नायू सैल सुटावे लागतात. आजवर हे काम त्याने डायपरमध्ये, उभ्याने, कुठल्यातरी कोपऱ्यात केलेलं असतं. आता नवी जागा, गार प्लास्टिक आणि समोर आई, बाबा, आजी डोळे लावून बसलेले. अशा वेळी स्नायू आवळलेलेच राहतात. चड्डी चढते, सगळ्यांची नजर हटते आणि मग ते सैल पडतात. यात हट्ट कुठेच नाही. अडलेल्या ट्रेनिंगमध्ये मुलाचा स्वभाव तपासण्यात आपण फार वेळ घालवतो. त्याचं पोट साफ होतंय का, पाय कुठे टेकताहेत, त्याला कशाची भीती वाटतेय, हे मात्र बघायचं राहून जातं.

वाढदिवस बघून सुरुवात करणं

‘आमची मुलं वर्षाची व्हायच्या आत सांगायला लागली होती,’ हे वाक्य प्रत्येक सुनेने ऐकलेलं असतं. त्यात तथ्यही आहे. लंगोट-दुपट्यांच्या काळात बाळाला दूध पाजून झालं की आई त्याला दोन्ही पायांवर बसवायची, तोंडाने ‘शूऽऽ’ करायची आणि बाळ करायचं. पद्धत चांगलीच होती, आजही करायला हरकत नाही. पण तेव्हा वेळ आई ओळखत होती. मुलाने स्वतः ओळखणं, थोडं धरून ठेवणं, सांगणं आणि चड्डी काढून बसणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी लागणारा ताबा साधारण दीड वर्षानंतर यायला लागतो आणि बहुतेक मुलं दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ मध्ये हजाराहून जास्त मुलांच्या नोंदींवरून हेच मांडलं: मुलाची तयारी बघा आणि त्याच्या चालीने चला.

तयारी कशी ओळखायची? डायपर दीड-दोन तास कोरडा राहतो. दुपारच्या झोपेतून मूल कधी कधी कोरडं उठतं. शी लागली की खेळ थांबवून कोपरा गाठतं. सैल चड्डी स्वतः खाली ओढता येते. ‘बूट आण आणि इथे ठेव’ एवढं सांगितलेलं कळतं. आणि ते ‘शी झाली’ म्हणून सांगतं, अर्थात झाल्यावर. यावर ‘आता सांगून काय उपयोग?’ असं कृपा करून म्हणू नका. मुलं आधी झाल्यावर सांगतात, मग होत असताना आणि शेवटी होण्याआधी. झाल्यावर सांगितलं म्हणजे पहिली पायरी चढून झाली.

हंगामही बघा. भर जुलैत चड्ड्या वाळत नाहीत, फरशी ओली राहते आणि घाम कमी येत असल्याने शूही जास्त वेळा होते. मार्च ते मे हा आपल्याकडे सगळ्यात सोयीचा काळ. अंगावर कपडे कमी असतात आणि धुतलेली चड्डी तासाभरात वाळते. जूनपासून नर्सरीत घालायचं असेल तर शाळा उघडायच्या आठवडाभर आधी जागं होऊ नका. घरात नवं बाळ आलंय, घर बदललंय किंवा आईची नोकरी नुकतीच सुरू झालीय, असं असेल तर महिना-दीड महिना थांबलेलं बरं.

पाय लोंबकळत ठेवणं

ही चूक अगदी साधी आहे, पण तिने किती मुलं अडतात याची कल्पना नसते. मोठ्यांच्या कमोडवर मुलाला तसंच बसवलं की पाय हवेत, हात कडेला घट्ट आणि सगळं लक्ष आत पडू नये यावर. अशा अवस्थेत जोर लावता येत नाही आणि सैलही सोडता येत नाही. कमोडवर बसवायचं तर छोटी सीट आणि पायाखाली पाट किंवा स्टूल, दोन्ही हवं. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यायला हवेत. आपण उकिडवे बसतो तेव्हा शरीराची हीच ठेवण असते आणि त्यात शी सहज होते. म्हणूनच जमिनीवर ठेवायची बुटकी पॉटी सुरुवातीला उत्तम. भारतीय पद्धतीच्या संडासात दोन पायऱ्यांमधलं अंतर लहान मुलाला फार होतं. तिथे समोर उकिडवं बसून त्याचे दोन्ही हात धरा, किंवा आणखी काही महिने पॉटीच वापरा.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. डिसेंबरात सकाळी सात वाजता जेटचं गार पाणी अंगावर आलं की मोठा माणूसही दचकतो. मुलाच्या डोक्यात मात्र पॉटी आणि तो चटका यांची गाठ पक्की बसते. कोमट पाण्याचा तांब्या घ्या आणि हाताने धुवा. मुलींना नेहमी पुढून मागे धुवायचं, म्हणजे शीचे जंतू शूच्या जागी जात नाहीत. फ्लशच्या आवाजाला मूल घाबरत असेल तर ते बाहेर गेल्यावर फ्लश करा.

शी दाबून धरलीय, हे ओळखता न येणं

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण अडलेल्या ट्रेनिंगच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडतं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी अडीच वर्षांची असताना पडद्यामागे जाऊन उभी राहायची. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांत अडकवलेले, तोंड लालबुंद, पडदा मुठीत घट्ट. सगळे म्हणायचे, ‘बघा, किती जोर लावतेय बिचारी!’ प्रत्यक्षात ती करत नव्हती, आत ढकलत होती. चवड्यांवर उभं राहणं, पाय जुळवणं, ढुंगण आवळणं ही शी रोखण्याची लक्षणं आहेत. करणारं मूल खाली वाकतं, रोखणारं मूल ताठ होतं.

याची सुरुवात एखाद्या कडक शीने होते. दुखतं, कधी चीर पडून रक्ताचा थेंबही दिसतो. मूल ठरवून टाकतं की पुन्हा करायची नाही. दाबून धरली की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि शी आणखी कडक होते. पुढच्या वेळी अजून दुखतं. बरेच दिवस असं चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून मोठा होतो आणि ‘लागलीय’ ही जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला दिवसभर थोडं थोडं लागत राहतं. घरात वाटतं जुलाब झाले. जायफळ उगाळून चाटवलं जातं, आणि आत बद्धकोष्ठ तसंच राहतं. भरलेला गुदाशय शेजारच्या मूत्राशयावरही दाब टाकतो. म्हणून शूचे अपघात वाढले तरी आधी पोटाची चौकशी करावी.

अशा वेळी पॉटीचा आग्रह पूर्ण थांबवा. डायपरमध्ये करायची असेल तर करू द्या, पण होऊ द्या. शी मऊ आणि न दुखणारी झाल्याशिवाय कुठलंही ट्रेनिंग पुढे सरकत नाही. दूध मोजा. बाटलीने पाऊण-एक लिटर दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांना शी कडक होते. या वयात दिवसाला अर्धा लिटर पुरे. बिस्किटं, खारी, टोस्ट, मैद्याच्या नूडल्स कमी करा. पपई, पेरू, संत्रं, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, पालेभाजी घालून केलेलं वरण, ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, आणि दिवसभर घोटघोट पाणी द्या. एवढ्याने आठवडाभरात फरक पडला नाही तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखी शी मऊ ठेवणारी औषधं ते देतात. ‘सवय लागेल’ या भीतीने ती चार दिवसांत बंद करणं हीसुद्धा मोठी चूक. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. औषध कधी आणि कसं कमी करायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि साबणाची सळी किंवा तेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ सरकवू नका. आतली त्वचा नाजूक असते, साबणाने तिची आग होते, आणि जे मूल आधीच त्या जागेला घाबरलंय त्याची भीती पक्की होते. एरंडेलाचा डोसही मनाने देऊ नका.

दर दहा मिनिटांनी ‘शू लागली का?’

या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांच्या वयात कायम ‘नाही’ असतं. प्रश्न विचारूच नका, दिनक्रमात बसवा. उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर जाण्याआधी, झोपण्याआधी: ‘चला, शू करून येऊ, मग खाली खेळायला.’ पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे न्याहारी किंवा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी शीला बसवलं तर जमण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बसवायचं पाच मिनिटं, फार तर सात. झालं नाही तर ‘बरं, नंतर करू’ म्हणून उठवायचं. मोबाईल हातात दिला की मूल अर्धा तास बसतं खरं, पण लक्ष पडद्यात असतं आणि शरीर काय सांगतंय ते त्याला कळतच नाही.

चॉकलेटचं आमिष पहिले काही दिवस चालतं, नंतर मूल दोन थेंब करून चॉकलेट मागतं. ‘अरे वा, पॉटीत केलीस!’ एवढं कौतुक पुरतं. टाळ्या, व्हिडिओ कॉल, मामाला फोन असा सोहळा केला तर दुसऱ्या दिवशी न जमल्यावर त्याला आपण सगळ्यांना निराश केल्यासारखं वाटतं. नाक मुरडून ‘छी, घाण!’ म्हणू नका, शेजारच्या मुलाशी तुलना नको, आणि मारणं तर अजिबात नको. धाकाने मूल पॉटीवर बसायला शिकत नाही, लपून करायला शिकतं. अपघात झाला तर ‘शू पॉटीत करायची हं’ म्हणायचं, पुसायचं, चड्डी बदलायची आणि विषय संपवायचा.

कपड्यांचं थोडक्यात: डंगरी, बटणं, घट्ट लेगिंग्ज बंद. सैल इलॅस्टिकची सुती चड्डी, आणि अशा बऱ्याच.

घरात एक, पाळणाघरात दुसरं

आई सकाळी चड्डीवर ठेवते, आजी दुपारी सोयीसाठी डायपर घालते, पाळणाघरातल्या ताई दोन तासांनी नेतात, बाबा रविवारी विसरतात. मुलाला यातून काय समजायचं? सगळ्यांनी बसून तीन गोष्टी ठरवा: कोणत्या वेळी न्यायचं, कोणता शब्द वापरायचा, आणि अपघात झाला तर काय बोलायचं. आजींशी बोलताना ‘तुमचं चुकतंय’ने सुरुवात करू नका. ‘आई, तुम्ही पायावर बसवायचात तसंच वेळेवर न्यायचंय’ म्हटलं की त्या सगळ्यांत नेमाने करतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. लांबच्या प्रवासात डायपर घातला तर बिघडत नाही. मात्र वाटेत गाडी थांबेल तिथे शूला न्यायचंच.

जमलेलं अचानक बिघडलं तर

दोन-तीन महिने कोरडं असलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं तर आधी शरीर तपासा. शू करताना रडणं, सारखी थोडी थोडी शू, उग्र वास, कारण न सापडणारा ताप ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची चिन्हं असू शकतात. डॉक्टर लघवी तपासायला सांगतील. खूप तहान, खूप शू आणि वजन घटणं हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण लहान मुलांमध्ये मधुमेहाची सुरुवात अशी होते. थेंब थेंब सतत गळणं, शूची धार अगदी बारीक असणं किंवा जन्मापासूनच बद्धकोष्ठ असणं हेही घरी थांबवून ठेवायचे प्रश्न नाहीत. तपासणीत काही निघालं नाही तर कारण बहुधा घरातलं असतं: भावंड आलं, शाळा बदलली, कोणी आजारी पडलं. तेव्हा रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी काढा आणि वेळेवर नेणं पुन्हा सुरू करा.

रात्रीचं कोरडं राहणं हा शिकवण्याचा भाग नाही. झोपेत शू कमी तयार होणं आणि मूत्राशय भरल्यावर जाग येणं हे वाढीबरोबर येतं. पाच वर्षांच्या मुलांतही साधारण सातातलं एक रात्री अंथरूण ओलं करतं. त्यासाठी संध्याकाळपासून पाणी तोडू नका आणि रात्री तीनदा उठवून मुलाची झोप मोडू नका. झोपण्याआधी एकदा शू, गादीवर रबरशीट, बस.

दिवसाचं ट्रेनिंग दोन-तीन आठवडे रोजच्या रडारडीने चाललं असेल तर महिनाभर सरळ थांबवा आणि न बोलता डायपर परत घाला. पुन्हा सुरू करताना पहिले काही दिवस कपडे घातलेलेच पॉटीवर बसू द्या, गोष्ट ऐकत, पाय टेकून. मग डायपरमधली शी त्याच्यादेखत पॉटीत टाका. त्यानंतर डायपर घातलेलाच पॉटीवर बसवून शी करू द्या, आणि ते रुळलं की डायपर काढा. शी दाबून धरणाऱ्या मुलांना हा शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो लागू द्या.