रोजच्या सवयी टिकत नाहीत? या चुका टाळा

सवय मोडली की खापर आळसावर फोडलं जातं. बरेचदा गडबड त्याआधीच, ठरवताना झालेली असते. आणि नुकसान काही त्या एका सवयीपुरतं राहत नाही. स्वतःला दिलेला शब्द वारंवार मोडला की आपलं बोलणं आपणच मनावर घेईनासे होतो. ‘उद्यापासून नक्की’ म्हणताना स्वतःलाच ते खरं वाटत नाही.

सगळ्यात महागात पडते ती एकदम मोठं ठरवण्याची चूक. रोज साडेसातला उठणारा माणूस पाचचा गजर लावतो. तासभर व्यायाम, वीस पानं वाचन, साखर बंद, सगळं एकाच सोमवारपासून. तीन-चार दिवस जोशात जातात. मग एका रात्री झोपायला उशीर होतो, पहाटे डोळे न उघडताच बोट गजर पुढे ढकलतं आणि त्या एका बोटासरशी व्यायाम, वाचन, सगळंच बारगळतं.

म्हणून माप वाईट दिवसाचं घ्या. डोकं दुखतंय, काम अंगावर आलंय, तरीही जेवढं होईल तेवढंच ठरवायचं. वाचनाची दोन पानं. उठल्यावर पांघरुणाची घडी. एवढंसं ठरवायला लाज वाटते, वाटू द्या. मन लागलं तर वीस पानं वाचायला कोणी अडवलेलं नाही, पण शब्द दोन पानांचाच.

‘रोज थोडा व्यायाम करीन’ हा दुसरा सापळा. थोडा म्हणजे किती, आणि कधी? मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलं होतं: अमुक झालं की तमुक करीन, असं आधीच बांधून ठेवलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते. दात घासून झाले की दहा बैठका, इतकं नेमकं. बिघाड कुठे आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. काम दिवसभर आठवतच नसेल, तर ते कशाला तरी जोडायचं राहिलंय. आठवतं पण टाळलं जातं, तर ते अजून मोठं आहे, कापा.

२१ दिवसांत सवय लागते, हेही डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याचा नियम सगळ्याच सवयींना लागला. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात साधारण ६६ दिवसांचा आकडा निघाला, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुमच्यात काही खोट नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते: एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्यानंतरच्या वागण्यानं. काल राहिलं म्हणून आज दुप्पट, असा दंड लावू नका. दंड थकत जातो, मग त्या सवयीकडे बघायचीही इच्छा होत नाही. आज ठरलेली दोनच पानं वाचा.

सवयींच्या ॲपबद्दल थोडंसं. सलग दिवसांचा आकडा वाढताना मजा येते. पण रात्री पावणेबाराला, दिवा मालवल्यावर, पुस्तक न उघडताच ‘झालं’वर बोट टेकवलं जातं, तेव्हा ते ॲप काढून टाकलेलं बरं. तिथे फसवायला दुसरं कोणी नसतंच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेली खूण पुरते, आणि चुकलेला चौकोन कोरा राहिला तरी चालतो.

शेवटची चूक क्वचितच लक्षात येते: नकोशी झालेली सवय तशीच लोंबकळत ठेवणं. डायरी लिहिणं जमत नाही, आवडतही नाही, तरी ती उशाशी पडलेली असते आणि रोज थोडं ओशाळायला लावते. अशा सवयीचं काय करायचं ते महिन्याच्या अखेरीस एकदा बसून ठरवा. सोडायची असेल तर ‘ही बंद’ असं तारखेसह लिहा, वही कपाटात ठेवा आणि तिच्या जागी लगेच दुसरी सवय घेऊ नका.