कॅम्परची बाथरूम कमी खर्चात नवी करताय? या चुका टाळा

घराच्या बाथरूमसाठी चालणारी पद्धत कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, तशीच वापरली की काम वाया जातं. घराची भिंत जागची हलत नाही. कॅम्परची भिंत मात्र प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यात थोडी पिळवटते, आणि बऱ्याचदा तिचा आतला थर असतो जेमतेम 3 मिमी प्लायचा. त्यामुळे काटकसर करायचीच तर ती दिसण्यावर करा. पाणी अडवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मात्र पूर्ण पैसे द्या.

गळती न शोधता रंगाला हात घालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कामाला लागण्यापूर्वी कमोडभोवतीची जमीन टाचेने दाबून बघा. शॉवर ट्रेच्या कडा आणि छतावरच्या पंख्याच्या चौकटीचे कोपरे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. डाग दिसतो तिथेच गळती असेल असं मात्र धरून चालू नका, कारण छतात शिरलेलं पाणी आतल्या पट्ट्यांवरून वाहत लांब जाऊन टपकतं.

पंखा किंवा स्कायलाइट पुन्हा बसवताना चौकटीखाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा आणि स्क्रूंच्या डोक्यांवर छतासाठीचा, आपोआप पसरणारा सीलंट घाला. रबरी छतावर साधं सिलिकॉन लावू नका. ते नीट चिकटत नाही, आणि त्याचा थर राहिला की पुढे योग्य सीलंटही धरत नाही. कुजलेला प्लाय कोरडं, टणक लाकूड लागेपर्यंत कापून काढा. उघडा भाग पूर्ण वाळल्याशिवाय झाकू नका, नाहीतर बुरशी आत कोंडली जाते.

भिंत उघडी असतानाच जिथे हूक, टॉवेलची दांडी किंवा कपाट येणार आहे तिथे मागून 12 मिमी प्लायचा तुकडा बसवून घ्या. नुसत्या पातळ प्लायमध्ये स्क्रू महिनाभरही तग धरत नाही. भिंतीची जाडी मोजूनच स्क्रू निवडा, कारण लांब स्क्रू बाहेरच्या पत्र्यातून आरपार जातो किंवा वायरीत घुसतो.

सिरॅमिक टाइल्स

चिकटवायच्या मसाल्यासकट टाइल्सचं वजन चौरस मीटरला सुमारे 20 किलो भरतं, आणि हादऱ्यांनी सांधे तडकतात ते वेगळंच. पीव्हीसी किंवा फायबरचे पातळ पॅनेल हलके असतात आणि त्यांना सांधेही कमी येतात. स्टिकरच्या टाइल्स शॉवरबाहेरच ठीक.

रंग देणार असाल तर भिंतीवर बहुधा गुळगुळीत व्हिनाइलचा थर असतो हे लक्षात ठेवा. आधी तेलकटपणा धुऊन काढा, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात मारा, मग गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर आणि वर रंगाचे दोन पातळ हात. एवढं केलं नाही तर रंग सालासारखा निघतो. ट्रेसाठीच्या इपॉक्सी रंगाचा वास इतक्या लहान जागेत खरोखर घातक ठरतो. दार आणि छताची झडप उघडी ठेवा आणि रसायनांच्या वाफा अडवणारा फिल्टर असलेला मास्क घाला. धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही.

शॉवर ट्रे पोकळ ठेवणं

एबीएस या प्लॅस्टिकचा पातळ ट्रे पायाखाली दबतो आणि पाणी जाण्याच्या जाळीजवळ चिरतो. वरून सिलिकॉन भरून ही चीर थांबत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग ट्रे काढून खालून एबीएसचाच तुकडा एबीएस सिमेंटने चिकटवा. त्यानंतर पोकळीत टणक फोमच्या शीट मापाने कापून भरा. फुगणारा फोम एकदम भरला तर ट्रे वर उचलला जातो आणि पाण्याचा उतार उलटा होतो. निचऱ्याच्या पाइपला उतार फुटाला दोन सूत हवा.

जोडणीतल्या चुका

प्लॅस्टिकचे आटे पान्ह्याने आवळले की बारीक तडा जातो आणि तो काही दिवसांनी गळू लागतो. हाताने घट्ट करा, वर फार तर पाव फेरा. टेफ्लॉन टेप निमुळत्या आट्यांवरच लावा. जिथे रबरी वॉशर पाणी अडवतो तिथे टेप नको.

कमोडखाली मेणाची रिंग वापरू नका, उष्णतेने आणि हादऱ्यांनी तिचा आकार बिघडतो. रबरी सील घ्या आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. नवा कमोड घेण्याआधी फ्लँजच्या (कमोड ज्यावर बसतो त्या जमिनीतल्या कड्याच्या) मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा, आणि तो दारातून आत जाईल का हेही बघा.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन चिकटत नाही. जुनं पूर्ण खरवडा, अल्कोहोलने पुसा, नवं लावा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातू गंजवतं, म्हणून न्यूट्रल प्रकारचं घ्या.

काम झाल्यावर वास येतोय किंवा पंप मध्येच चालू होतोय?

प्रवासात ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी हिंदकळून निघून जातं. आधी जाळीत कपभर पाणी ओता. तरी वास राहिला तर बेसिनखालची हवेची झडप अडकलेली असू शकते. ती हाताने फिरवून निघते, बदलून टाका. कमोडच्या भांड्यात पाणी टिकत नसेल तर सील साफ करून त्यावर सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. फ्लश करताना छताचा पंखा बंद ठेवा, नाहीतर तो टाकीतला वायू आत ओढतो.

सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून चालू होत असेल तर पंपापुढचा कॉक बंद करा. तरीही पंप चालू झाला तर दोष पंपाच्या झडपेत आहे. थांबला तर गळती पुढच्या जोडण्यांत आहे. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवा.

पॅनेल बंद करण्याआधी लाइन 24 तास दाबाखाली ठेवा. मग गाडी 20-30 किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आणा आणि टिश्यू पुन्हा तपासा. उभ्या गाडीत न गळणारे जोड बहुधा याच फेरीत उघडे पडतात.