धडकी भरवणारा टी शॉट कसा खेळावा

गोल्फमध्ये प्रत्येक होलचा पहिला फटका म्हणजे टी शॉट, आणि तो जिथून मारतात ती जागा म्हणजे टी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पहिल्या आणि अठराव्या होलचे फेअरवे, म्हणजे टीपासून पुढे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे, एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे पहिल्या टीवर उभ्या राहिलेल्या खेळाडूसमोर शंभर यार्डांहून रुंद असे सपाट मैदान पसरलेले असते. गोल्फमध्ये याहून मोकळी सुरुवात क्वचितच मिळते. तरीही १९९५ च्या ओपन स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या इयन बेकर-फिंचचा पहिलाच टी शॉट डावीकडे एवढा वळला की चेंडू दोन्ही फेअरवे ओलांडून आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर, गेला. हीच स्पर्धा त्याने चार वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, जिंकली होती. त्याला घाबरवील असे समोर काही नव्हते; मागे मात्र क्लब हाऊसच्या खिडक्या होत्या, आजूबाजूला प्रेक्षक होते, जोडीला आपली अखेरची ओपन खेळणारा अर्नोल्ड पामर होता, आणि डोक्यात काही काळापासून बिघडलेल्या ड्रायव्हिंगची, म्हणजे टीवरच्या लांब फटक्यांची, आठवण होती.

म्हणून अवघड टी शॉटची तयारी करताना आपल्याला भीती नेमकी कशाची वाटते हे आधी ओळखावे, कारण प्रत्येक भीतीवरचा उपाय वेगळा असतो. रविवारी सकाळी पहिल्या टीवर मागचे दोन गट ताटकळत उभे असतात आणि कॅडी रांगेत बसून पाहत असतात, तेव्हा वाटते ती चारचौघांत फजिती होण्याची भीती. पाण्यावरून किंवा दरीवरून चेंडू न्यायचा असतो तेव्हा आपली ताकद पुरेल की नाही ही शंका असते. उजव्या बाजूला हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्यांची रांग दिसते तेव्हा स्लाइस मारणाऱ्याला, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्याला, आपला जुना रोग आठवतो. या तिन्ही प्रसंगी शरीर मात्र जवळजवळ एकसारखेच वागते: ग्रिप आवळली जाते, बॅकस्विंग, म्हणजे क्लब (चेंडू मारायची काठी) मागे नेणे, अर्ध्यावरच तुटते, क्लब घाईने खाली येतो आणि चेंडू कुठे गेला हे पाहण्यासाठी डोके वेळेआधीच वर उठते. आवळलेल्या हातांमुळे क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी क्लबची बाजू, वेळेवर सरळ होत नाही आणि चेंडू नेमका त्या खुंट्यांकडेच वळतो.

फजितीच्या भीतीवरचा उपाय सर्वांत सोपा आहे. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या टी शॉटची काळजी असते आणि तुमचा शॉट तो दुसऱ्या होलपर्यंत विसरलेला असतो. पहिल्या टीवर ड्रायव्हरच, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लबच, मारला पाहिजे असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. दिवसाची सुरुवात हायब्रिड किंवा सात नंबरचे आयर्न अशा कमी अंतराच्या क्लबने करणाऱ्याला कोणी हसलेच, तर तो स्वतः पुढच्या दहा मिनिटांत झाडीत चेंडू शोधताना दिसण्याची शक्यता बरीच असते.

पाण्यावरून खेळायचे असेल तर आकडा माहीत असावा. प्रत्येक क्लबने आपला चेंडू हवेतून किती यार्ड जातो, म्हणजे त्याचा कॅरी किती, हे सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, दहा-दहा चेंडू मारून पाहावे आणि त्यातला सर्वोत्तम आकडा न धरता मधला धरावा. बहुतेक हौशी खेळाडू इथेच स्वतःला फसवतात. गेल्या दिवाळीत वारा पाठीशी असताना जमलेला एक शॉट ते आपले नेहमीचे अंतर समजतात. पाण्यापलीकडची कड १५० यार्डांवर असेल आणि तुमच्या क्लबचा मधला कॅरी १५५ असेल, तर तो क्लब बॅगेत ठेवून एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्यावा आणि सावकाश मारावा. मोठ्या क्लबनेही पुरेसे अंतर निघत नसेल, तर त्याच होलच्या पुढे असलेल्या, जवळच्या टीवरून खेळावे किंवा पाण्याच्या अलीकडे चेंडू थांबवावा. यात कमीपणा काही नाही. पाणी पाहताच बॅगेतून जुना, ओरखडे पडलेला चेंडू काढण्याची सवय मात्र सोडावी, कारण चेंडू बुडणार हे आपण स्विंग घेण्याआधीच मान्य केलेले असते.

टी बॉक्सवर पोहोचल्यावर टीची हद्द दाखवणाऱ्या दोन मार्करांच्या बरोबर मध्ये टी (चेंडू ठेवायची काडी) रोवण्याची सवय अनेकांना असते. नियमाप्रमाणे मार्करांच्या पुढच्या रेषेपासून मागे दोन क्लब लांबीपर्यंत कुठेही चेंडू ठेवता येतो, आणि चेंडू त्या चौकटीत असला की खेळाडूचे पाय बाहेर असले तरी चालते. संकट ज्या बाजूला आहे त्याच बाजूला टी लावावी. उजवीकडे आउट ऑफ बाउंड्स असेल तर उजव्या मार्करजवळ उभे राहून डावीकडे रोख धरावा. त्यामुळे खुंट्या नजरेच्या कडेला जातात आणि फेअरवे रुंद दिसू लागतो.

यानंतर लक्ष्य ठरवावे, आणि ते ठरवताना होलमधल्या झेंड्याचा मोह टाळावा. अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सचे बारावे होल जेमतेम १५५ यार्डांचे, पण ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, पुढ्यातून रेज क्रीक हा ओढा वाहतो आणि तिथल्या मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी झेंडा परंपरेने उजव्या, अरुंद भागात असतो. २०१९ मध्ये आघाडीवर असलेल्या फ्रान्चेस्को मोलिनारीसह ब्रुक्स केप्का, इयन पोल्टर आणि टोनी फिनाऊ यांचे चेंडू तिथे पाण्यात गेले. टायगर वुड्सने झेंड्याकडे दुर्लक्ष करून चेंडू ग्रीनच्या डाव्या, सुरक्षित भागात ठेवला, पॅर घेतला, म्हणजे होल ठरलेल्या तीन फटक्यांत संपवले, आणि पुढे स्पर्धा जिंकली. अमेरिकेतल्याच टीपीसी सॉग्रास कोर्सच्या सतराव्या होलचे उदाहरण याहून बोलके आहे. पीट डायने घडवलेले हे बेटासारखे ग्रीन सुमारे १३७ यार्डांवर आहे आणि व्यावसायिक खेळाडूंना तिथे वेज किंवा नऊ नंबरचे आयर्न असे कमी अंतराचे क्लब पुरतात. अडचण एवढीच की चुकलेला चेंडू सांभाळून घ्यायला जवळपास चहूकडे जमीनच नाही, त्यामुळे २००७ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या पहिल्या एकाच फेरीत इथे ५० चेंडू बुडाले. २०२२ मध्ये पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी ही स्पर्धा एका शॉटने हरला. विजेत्या कॅमरन स्मिथने अखेरच्या फेरीत सतराव्यावर चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ ठेवला, तेव्हा सर्वांनी त्याच्या धाडसाचे कौतुक केले. आपला रोख झेंड्याच्या डावीकडे होता आणि चेंडू किंचित उजवीकडे गेला, हे त्यानेच नंतर मोकळेपणाने सांगितले.

लक्ष्य ठरले की ते शब्दांत मांडावे, पण नकारातून मांडू नये. ‘पाण्यात नको’ असे स्वतःला बजावणाऱ्याच्या मनात पाणीच घोळत राहते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पटिंगवर, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलण्यावर, केलेल्या प्रयोगात, चेंडू होलच्या पुढे जाऊ देऊ नका असे सांगितलेल्या आणि त्याच वेळी डोक्याला दुसरे काम दिलेल्या लोकांनी तो नेमका पुढेच घालवला. पाण्याऐवजी ‘त्या आंब्याच्या डाव्या फांदीखाली’ असे म्हणावे. फांदी जितकी लहान तितके बरे. महान गोल्फपटू जॅक निकलॉसप्रमाणे त्या रेषेवर चेंडूच्या पुढे हातभर अंतरावर एखादे पान किंवा जुन्या डिव्हॉटची (फटक्याने उखडलेल्या गवताची) खूण हेरून त्यावर क्लबफेस रोखला, तर दूरचे पाणी नजरेतूनही सुटते.

‘रिलॅक्स’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो, कारण छाती धडधडत असताना ती आपल्या हुकमाने थांबत नाही. धडधडीसकट पार पाडता येईल असा ठराविक क्रम मात्र अंगवळणी पाडता येतो. चेंडूच्या मागे उभे राहून रेषा पाहावी, एक लांब श्वास सोडावा, ग्रिप एकदा मुद्दाम घट्ट आवळून सैल करावी, चेंडूजवळ जावे, लक्ष्याकडे दोनदा पाहावे आणि मारावे. क्लबचा, अंतराचा किंवा वाऱ्याचा विचार चेंडूवर वाकल्यानंतर मनात आला, तर सरळ बाजूला होऊन पहिल्यापासून सुरुवात करावी. वाकलेल्या अवस्थेत जेवढे रेंगाळावे तेवढे हात ताठरतात. स्विंगविषयी तर तिथे एकही सूचना आठवू नये. ती कामे रेंजवरची आहेत.

चेंडू गेलाच, तर पुढे काय करायचे हेही आधीच ठाऊक असावे. चेंडू आउट ऑफ बाउंड्स गेला किंवा हरवला अशी शंका आली, तर तसे स्पष्ट सांगून लगेच प्रोव्हिजनल बॉल, म्हणजे पहिला गेला तर धरायचा तात्पुरता दुसरा चेंडू, खेळावा, कारण शोधायला आता तीनच मिनिटे मिळतात. टीवरून पुन्हा खेळताना चेंडू टी बॉक्समध्ये दुसऱ्या जागी ठेवता येतो आणि क्लबही बदलता येतो. ही मुभा वापरावी. पहिल्या चुकीपेक्षा तिच्या रागात घाईने मारलेला दुसरा चेंडू अधिक महाग पडतो. २०१३ मध्ये सॉग्रासलाच वुड्सच्या बरोबरीने आघाडीवर असलेल्या सर्जिओ गार्सियाने सतराव्यावर लागोपाठ दोन चेंडू बुडवले आणि तीनच्या पॅरवर सात घेतले.

सरावाची पद्धतही थोडी बदलावी लागेल. रेंजवर एकाच क्लबने पन्नास चेंडू सलग मारल्याने टीवरची भीती कमी होत नाही, कारण तिथे चुकीची किंमत शून्य असते. दूरचे दोन खांब निवडून त्यांच्यामध्ये फेअरवे कल्पावा, आपल्या नेहमीच्या कोर्सवरच्या सर्वांत त्रासदायक होलचा एकच टी शॉट पूर्ण क्रमाने मारावा, मग दुसरा क्लब काढून वेगळा शॉट मारावा, आणि तो टी शॉट दहा मिनिटांनी पुन्हा एकदाच मारावा. जोडीदाराला शेजारी उभे करून चहाची पैज लावली, तर उत्तमच.