डब्यावर नाव लावलं का?

जर्मनीतल्या माग्डेबुर्गला शिकायला पोचल्यावर पहिले सतरा दिवस मला एकही पत्र आलं नाही. बँकेचं कार्ड, कार्डाचा पिन, विम्याचे कागद, सगळं पोस्टानं येणार होतं आणि मी खोलीत बसून वाट पाहत होतो. आमच्या गावात, दारव्हा तालुक्यात, पाकिटावर नुसतं वडिलांचं नाव असलं तरी पोस्टमन वावरात आणून देतो. जर्मनीत पोस्टमन इमारतीच्या दाराशी असलेल्या डब्यांवरची नावं वाचतो, नाव नसलं की पत्र परत. माझ्या डब्यावर आधीच्या विद्यार्थ्याचं नाव होतं. अठराव्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या केरळच्या मुलानं विचारलं, "डब्यावर नाव लावलंस का?" कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी, दोन मिनिटांचं काम. पण तोवर पिन परत गेला होता आणि घरून आणलेली रोकड संपत आली होती.

बाहेर शिकायला निघालेल्या आपल्या भागातल्या पोरापोरींना मला जे सांगायचं आहे, ते बरंचसं या डब्यात आहे. आपण ओळखीच्या जगात वाढतो. तलाठ्याकडे काम असलं की बाबा कुणाला तरी सोबत घेतात, कॉलेजात फॉर्मची तारीख गेली तर कुणाला तरी भेटून मार्ग निघतो. जर्मनीत अशी ओळख कामी येत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, उलट बहुतेक मदत करणारी भेटतात. पण तुमचं नाव यादीत नसेल तर तुम्हाला मदत हवी आहे हेच कुणाला कळत नाही. नाव आपणच लावायचं, आणि वेळेत लावायचं.

सुरुवात पैशापासून करतो, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथेच येते. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणीचं शुल्क घेत नाहीत, सत्राला काहीशे युरोंची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असं मात्र नाही. व्हिसासाठी एका अडकवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) वर्षाचा खर्च आधीच दाखवावा लागतो. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे आणि तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात.

आमच्या घरी पाच एकर, कपाशी आणि तूर. बाबा माझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी सातबारा घेऊन बँकेत गेले तेव्हा साहेबांनी शेतजमीन तारण चालत नाही असं सांगितलं. बाबांना तो अपमान वाटला, दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. त्यामागचं कारण मला नंतर समजलं. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकण्याचा जो अधिकार सरफेसी कायदा बँकांना देतो, तो शेतजमिनीला लागू होत नाही. गावठाणातलं घर दाखवावं तर त्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच कागद, त्यावरही बँक अडली. शेवटी अमरावतीच्या मामांनी त्यांच्या एनए प्लॉटवरचं घर तारण दिलं. या धावपळीत आमचे चार महिने गेले. म्हणून तुम्ही प्रवेशपत्राची वाट पाहू नका. आदल्या दिवाळीतच बँकेत जाऊन कोणता कागद चालेल ते विचारा, आणि एका बँकेनं नाही म्हटलं तर दुसरीत जा. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवायही मिळू शकतं, ते आधी विचारा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. गावाकडची कितीतरी हुशार पोरं केवळ माहिती नसल्यानं तिचा अर्जच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कागदांमध्ये नावाचा घोळ आधी सोडवा. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. एखाद्या कागदावर आईचं नाव, एखाद्यावर स्पेलिंग निराळं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जाआधी एपीएस प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यात तुमची सगळी शैक्षणिक कागदपत्रं तपासली जातात. मी बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला व्हिसासाठी गेलो तेव्हा सगळे कागद एका नावाचे होते, आणि त्या रात्री गाडीत मला शांत झोप लागली.

तिथे उतरल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या. ही नोंद झाली की कराचा क्रमांक पोस्टानं येतो. खातं, विमा, राहण्याचा परवाना, कुठेही गेलात तरी नोंदीचा कागद आधी मागतात. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ऑक्टोबरात ती सहज मिळत नाही, म्हणून विमानाचं तिकीट काढलं त्याच दिवशी वेळेची चौकशी सुरू करा. अडकवलेल्या खात्यातला पहिला हप्ता हातात यायला काही आठवडे लागू शकतात, तोवर भाडं आणि अनामत भागेल एवढे पैसे वेगळे ठेवा.

खोली शक्यतो विद्यार्थी सेवा संस्थेच्या, म्हणजे श्टुडिएरेंडनवेर्कच्या वसतिगृहातच घ्या. प्रवेश मिळाला त्याच दिवशी रांगेत नाव लावा. मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टानं पाठवतो, असं सांगणारा मालक भेटला तर तो ठग समजा. खोली न पाहता कुणालाही पैसे देऊ नका. माझ्यासोबतच्या एका मुलाचे दोन महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे असेच गेले, आणि ते पैसे त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले होते.

आरोग्य विम्यात घाई नको. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा विद्यार्थ्यांच्या दरात मिळतो. स्वस्त वाटतो म्हणून एकदा खाजगी विमा निवडून सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत सार्वजनिक विम्यात परतता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात अँटिबायोटिक मिळत नाही. रात्री दुखलं-खुपलं आणि जिवावरचं नसलं तर ११६११७ ला फोन करा, जिवावरचं असलं तर ११२ ला.

आता अभ्यासाचं. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आपल्याकडे वर्गात नाव आहे म्हणजे परीक्षेला बसायचंच. तिथे प्रत्येक पेपरासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. पहिल्या सत्रात मी एका विषयाचे सगळे तास केले, रात्र रात्र जागलो, आणि डिसेंबरात नोंदणी बंद झाल्याचं मला जानेवारीत कळलं. परीक्षा कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी नोंदवा म्हणाल्या. मी विनवण्या केल्या, त्यांनी पुन्हा तेच तितक्याच शांतपणे सांगितलं. आईला मी हे आठवडाभर सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यातच परीक्षेचे नियम उघडा, मुदतीच्या तारखा कागदावर लिहून भिंतीला लावा. बहुतेक ठिकाणी एका पेपराला तीनच संधी असतात. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर तो पेपर नापास धरला जाऊ शकतो.

गुणांचं गणितही उलटं आहे. १.० सर्वांत चांगला, ४.० पास, ५.० नापास. तपासलेला पेपर पाहायला मिळतो, त्यासाठी ठरलेल्या दिवशी नक्की जा. मी दुसऱ्या सत्रापासून गेलो आणि मला कळलं की मी उत्तर पाठ केल्यासारखं लिहितो, आणि प्राध्यापक उत्तराकडे जाणारी तीच वाट का निवडली हे शोधत असतात.

प्रश्न विचारण्याबद्दल थोडं जास्त सांगतो. आमच्या शाळेत मास्तरांना प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं. तिथे प्राध्यापक तासाच्या शेवटी थांबतात, आणि कुणी बोललं नाही तर सगळ्यांना समजलं असं धरून निघून जातात. मी पहिले दोन महिने एकही प्रश्न विचारला नाही. मग एकदा भेटीच्या तासाला, प्रश्न कागदावर लिहून, इंग्रजी अडखळत गेलो. त्यांनी खुर्ची दिली आणि वीस मिनिटं फळ्यावर समजावलं. खेड्यातून आलेल्या मुलींना हे आणखी जड जातं. एवढंच म्हणतो की पहिला प्रश्न विचारून झाला की दुसरा फार सोपा जातो.

शिकवणी इंग्रजीत असली तरी डब्यात पडणारी पत्रं जर्मनमध्ये असतात. निघण्याआधी जर्मनची निदान ए-टू पातळी, म्हणजे रोजचं साधं बोलणं-वाचणं जमेल एवढी, गाठा. एकही पत्र न समजता बाजूला ठेवू नका, कारण बऱ्याच पत्रांत उत्तराची तारीख असते.

कामाचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि जानेवारी २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. कर्जाचा विचार मनात असतो, हात शिवशिवतात. तरी पहिल्या सत्रात काम धरू नका. नंतर शक्यतो विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली काम शोधा, त्यानं अभ्यासही पुढे सरकतो.

सामानात तिखट, हळद, जवसाची चटणी आणि छोटा कुकर घ्या, कुकरची एक जादा रिंगही. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि खव्याची संत्रा बर्फी घरीच ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी डाळ-तांदूळ पाहून घ्या.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. कपाशी वेचायच्या दिवसांतलं आपलं ऊन आठवून माझा जीव कासावीस व्हायचा. मी जेवण टाळू लागलो, तासाला जाणं सोडलं, आणि हे आजारपण आहे हे मला कळत नव्हतं. विद्यार्थ्यांसाठी तिथे मोफत समुपदेशन असतं. केरळच्या त्याच मित्रानं माझं नाव तिथे नोंदवलं. चार वेळा गेलो. तुमच्यावर अशी वेळ आली तर लाजू नका, लवकर जा.

हिवाळ्यात तिथले रात्रीचे नऊ म्हणजे गावातले दीड. हरभऱ्यात रोही (नीलगाई) आणि रानडुकरं शिरतात म्हणून बाबा तेव्हा जागलीला असतात. एरवी दिवसा त्यांच्याशी बोलणं दोन मिनिटांचं, पण मचाणावरून ते तासभर बोलायचे. पिनची गोष्ट मी त्यांना अशाच एका रात्री सांगितली होती. तेव्हापासून फोन उचलला की जेवलास का हे विचारण्याआधी ते हेच विचारतात, "काहून रे, आज डब्बा पाह्यला काय?"