शिडाच्या बोटीचे बाहेरचे सागवान : मे ते नोव्हेंबर तयारीची यादी

मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी मे महिन्याच्या अखेरीस पाण्याबाहेर काढल्या जातात आणि पाऊस ओसरला की पुन्हा पाण्यात उतरतात. बाहेरच्या लाकडी कामाला हाच काळ मिळतो. मात्र सुतारकामाला मोकळे असणारे हे चार महिने वॉर्निशसाठी अगदीच निरुपयोगी असतात, म्हणून तयारी मे महिन्यातच सुरू करावी लागते. पुढची यादी एका २८ फुटी फायबरग्लास बोटीची आहे. डेकच्या कडेने जाणारी टो-रेल, केबिनच्या छपरावरचे दोन हँडरेल, कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या बसण्याच्या खोलगट जागेच्या) काठावरची कोमिंगची पट्टी आणि केबिनच्या दाराची चौकट व सरकत्या फळ्या एवढेच सागवान तिच्यावर आहे. बोट लहान-मोठी असेल तर मापे बदलतील, क्रम मात्र हाच ठेवावा.

सर्वप्रथम काय काढायचे आणि काय जागेवरच ठेवायचे, हे ठरवावे. त्यासाठी हातात एक बोथट टोच्या, पटाशीची लाकडी मूठ आणि वही घेऊन बोटीभोवती एक सावकाश फेरी मारावी. सागवान करडे पडले म्हणजे ते कुजले असे नव्हे. उन्हाने होणारा तो बदल पृष्ठभागापुरता असतो आणि घासल्यावर खाली सोनेरी लाकूड निघते. काळजी करायची ती सांध्याजवळच्या काळ्या रेषेची, टोच्या सहज रुतणाऱ्या जागेची आणि हाताने दाबल्यावर किंचित हलणाऱ्या पट्टीची. स्क्रूच्या डोक्यावर बसवलेली लाकडी बुचे किती जाड उरली आहेत, हेही पाहावे. वर्षानुवर्षांच्या घासण्याने बुचे पातळ होऊन स्क्रूची डोकी दिसू लागली असतील, तर ती पट्टी आणखी घासण्यात अर्थ नसतो. यानंतर केबिनमध्ये जाऊन, छताचे अस्तर जिथे उघडता येते तिथे उघडून, प्रत्येक नटाभोवती तपकिरी ओघळ आहे का, ते टॉर्चने तपासावे. लाकूड वरून कितीही उदास दिसले, तरी पट्टी घट्ट आणि आतली बाजू कोरडी असेल तर ती उखडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा पट्टीला स्वच्छता आणि लेप पुरेसा होतो, आणि न उघडलेले भोक हे नव्याने भरलेल्या भोकापेक्षा केव्हाही भरवशाचे असते.

कारण या कामात खरा प्रश्न लाकडाचा नसून त्याखालच्या भोकांचा असतो. फायबरग्लासचे डेक बहुधा दोन थरांचे असते आणि त्या थरांमध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा किंवा प्लायवुडचा गाभा असतो. टो-रेलच्या एका बाजूलाच दोन-तीन डझन बोल्ट असतात, आणि त्यांपैकी एकाचे जरी सील, म्हणजे पाणी रोखणारा भराव, सुटले, तरी पाणी त्या गाभ्यात उतरून आडवे पसरत जाते. पटाशीच्या मुठीने डेकवर ठोकत जावे. टणक आवाजाच्या जागी जिथे भरड, बसका आवाज येतो, तिथे खडूने खूण करावी. अशी जागा रेलखाली सापडली तर लाकूड कितीही सुंदर असो, ते काढलेच पाहिजे.

काढण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेप लावून बाजू आणि क्रमांक लिहावा, म्हणजे ‘डावी १, नाळेकडून (पुढच्या टोकाकडून)’ असे, आणि जागेवर असतानाच सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बुचाच्या मध्यभागी बारीक भोक पाडून त्यात एक साधा स्क्रू पिळला, की तो खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकतो आणि बूच आपोआप वर उचलले जाते. पटाशीने कोरत बसल्यास भोकाची कड फुटते. आरपार बोल्टसाठी दोन माणसे हवीत, एक डेकवर आणि एक आत पाना धरून, त्यामुळे मदतनीसाचा दिवस आधीच ठरवावा. शिडाच्या दोरांची पटरी किंवा डोलकाठीच्या तारांचे पाय रेलमधून गेलेले असतील, तर डोलकाठी उभी असताना त्यांना हात लावू नये. पट्टी सुटत नसेल तर पहारीने उचकटू नये. पातळ पत्रा किंवा जुन्या करवतीचे पाते खालून सरकवून जुने सीलंट कापावे आणि लाकडी पाचरी ठोकत पुढे जावे. काढलेली पट्टी मोडकी असली तरी फेकू नये, कारण नव्या पट्टीचा साचा तीच असते.

आता या यादीतले सर्वांत निकडीचे काम येते. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उघडी भोके ठेवून त्यावर केवळ ताडपत्री टाकणे म्हणजे गाभा भिजवण्याची सोय करणे होय. म्हणून ज्या दिवशी लाकूड निघेल, त्याच दिवशी सर्व भोके बंद झाली पाहिजेत. गाभा कोरडा असेल तर प्रत्येक भोक मोठे करून, आतला गाभा थोडा कोरून, खालून टेप लावून ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) भरावे. ऑक्टोबरमध्ये त्याच इपॉक्सीत मूळ मापाचे भोक पाडले, की बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते आणि पुढे कधी सील सुटले तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. गाभा ओला असेल तर इपॉक्सी भरू नये, ओल आत कोंडली जाते. अशी बोट छपराखाली ठेवून वाळवावी लागते, आणि छप्पर मिळणार नसेल तर भोकांवर ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) दाबून दुरुस्ती कोरड्या ऋतूवर ढकलावी.

जून ते सप्टेंबर हा लाकडाचा काळ. सागवानात नैसर्गिक तेल आणि सिलिका असते, म्हणून ते समुद्रावर टिकते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली मलबारच्या सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे तरंगते आहे. म्यानमारने २०१४ मध्ये अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून जुन्या जंगलातले बर्मी सागवान दुर्मीळ आणि महाग झाले आहे; टो-रेलसारख्या कामाला बल्लारशा भागातले चांगले मुरलेले सागवान मला पूर्ण समाधानकारक वाटते. वखारीत जाताना घनफुटांचा हिशेब करून जावा. दोन्ही बाजूंची मिळून साठ फूट रेल, दोन इंच रुंद आणि दीड इंच उंच धरली, तर निव्वळ लाकूड सव्वा घनफूट होते. करवतीचा भुसा, गाठी आणि सांधे धरून पावणेदोन घनफूट घ्यावे. लाकडातल्या तंतूंची रेष सरळ आणि लांब असावी, आणि फळीच्या कडेचे फिकट पांढरट लाकूड अजिबात स्वीकारू नये. मी एकदा हे लाकूड रंग देऊन गाभ्याच्या लाकडात मिसळलेले घेऊन आलो होतो, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात नेमके तेवढेच भाग मऊ पडले. तेव्हापासून प्रत्येक फळीची कड रंध्याने किंचित तासून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

लांबी जोडायची असल्यास जाडीच्या किमान आठपट लांबीचा तिरका सांधा द्यावा. सागवानाचे तेल चिकटपणाला मारक ठरते, म्हणून सांध्याचे दोन्ही भाग ॲसिटोनने पुसून, ॲसिटोन उडताच इपॉक्सी लावावे. आदल्या दिवशी पुसून ठेवल्याचा उपयोग नसतो, कारण तेल पुन्हा वर येते. सिलिकामुळे साधी पाती लवकर बोथट होतात, तेव्हा सुताराकडे कार्बाइडचे पाते आहे, याची खात्री करावी. क्लँप मोजून जमवावेत. वाकवून बसवायच्या रेलला दर फुटाला एक लागतो.

स्क्रू आणि बोल्ट नवेच घ्यावेत, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे किंवा सिलिकॉन ब्राँझचे. पितळ नको, कारण खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. जुने स्टेनलेस बोल्ट डोक्यावर चकचकीत दिसले तरी परत वापरू नयेत. हवा न मिळणाऱ्या ओल्या भोकात त्यांचा संरक्षक थर टिकत नाही आणि बोल्ट मध्येच झिजून दाभणासारखा बारीक झालेला असतो.

सीलंटपैकी सागवानासाठी पॉलिसल्फाइड घ्यावे, मात्र ॲक्रिलिकच्या खिडक्यांजवळ ते वापरू नये. कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन टाळावे, नाहीतर पुढच्या वेळी पट्टीबरोबर डेकचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा चकचकीत थर, तोही निघेल. सिलिकॉन तर बोटीवर आणूच नये, त्याचा अंश राहिलेल्या जागी वॉर्निश धरत नाही. बसवताना डेकवरच्या भोकाची कड थोडी तिरकी तासावी, म्हणजे बोल्टभोवती सीलंटचे कडे तयार होते, आणि आतून नट फिरवावा, बोल्ट फिरवू नये. पट्टीची खालची बाजू आणि कापलेली टोके बसवण्यापूर्वीच पातळ वॉर्निशने बंद करावीत. बुचांची रेष पट्टीच्या रेषेशी जुळवून ती वॉर्निशमध्ये बुडवून ठोकावीत, इपॉक्सीने चिकटवू नयेत; काही वर्षांनी ती पुन्हा काढायची आहेत.

जे लाकूड काढले नाही, त्याच्या स्वच्छतेसाठी मऊ ब्रश घ्यावा आणि रेषेला आडवे घासावे. कडक ब्रशने रेषेतला मऊ भाग निघून खाचा पडतात. ऑक्झॅलिक आम्लाचे क्लीनर वापरण्यापूर्वी आजूबाजूचा जेलकोट गोड्या पाण्याने ओला ठेवावा आणि हातमोजे व चष्मा घालावा. सागवानाची भुकटी अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, म्हणून घासताना मास्क हवाच.

लेपाबाबत मी टो-रेल उघडीच ठेवतो, कारण दोर आणि बूट तिथला वॉर्निश महिन्याभरात सोलून काढतात. वॉर्निश फक्त हँडरेल, कोमिंग आणि दाराच्या चौकटीला देतो. हे क्षेत्रफळ जेमतेम वीस-बावीस चौरस फूट, म्हणजे दोन चौरस मीटर भरते. सात हात द्यायचे म्हटले तरी दीड लिटर पुरतो. तो अर्ध्या लिटरच्या डब्यांत घ्यावा, उघडलेल्या मोठ्या डब्यावर साय धरते. पहिला हात निम्मे थिनर घालून, दुसरा पाव थिनर घालून आणि पुढचे हात जवळपास घट्ट द्यावेत. प्रत्येक दोन हातांमध्ये २२० नंबरच्या पेपरने घासून चिकट फडक्याने पुसावे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून हवा कोरडी होऊ लागते. दव वाळल्यावर सकाळी सुरुवात करावी आणि दुपारचे खारे वारे सुटण्याआधी ब्रश ठेवावा. वॉर्निश लावण्याआधी मीठ गोड्या पाण्याने धुऊन लाकूड पूर्ण वाळलेले असावे. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाकावीत किंवा मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

सीलंट पूर्ण घट्ट झाल्यावर आणि छताचे अस्तर परत लावण्यापूर्वी शेवटची तयारी पाण्याच्या नळीची. आतल्या प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू कागद चिकटवावा, एकाने डेकवर नाळेपासून पिछाडीपर्यंत प्रत्येक फुटावर काही मिनिटे पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसावे. जो कागद ओला होईल, त्या बोल्टचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि तेवढा बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावा.